वकिलाबद्दल तक्रार करायचीय? आधी दावा वाचवा, मग कागद लावा

उद्यमबागेतल्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला आणि मोबाईलवर सहज आमच्या वाटणीच्या दाव्याचा नंबर टाकला. समोर आलं, ‘डिसमिस्ड फॉर डिफॉल्ट’, म्हणजे आपण हजर नव्हतो म्हणून दावा काढून टाकलेला. तारीख चार महिन्यांपूर्वीची. त्याच आठवड्यात वकीलसाहेब आप्पांना म्हणाले होते, “पुढची तारीख पडलीय, तुम्ही यायची गरज नाही.” त्या तारखेचे पाचशे रुपयेही घेतले होते.

त्यानंतरचं दीड वर्ष मी जे शिकलो ते इथं मांडतोय. मी वकील नाही. पण बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या मराठी माणसाला या वाटेवर नेमकं कुठं अडायला होतं ते आता मला चांगलं माहीत आहे. त्यातल्या निम्म्या अडचणी कायद्याच्या नसतातच, त्या भाषेच्या आणि अंतराच्या असतात.

१. हरलात की फसलात, ते आधी ठरवा

रागाच्या भरात दोन्ही सारखंच वाटतं. दावा हरला, साक्षीदार फुटला, वकिलाचा मुद्दा कोर्टाला पटला नाही, यातलं काहीही ‘गैरवर्तन’ होत नाही. साधी चूक किंवा अंदाज चुकणं म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६३ सालीच सांगून ठेवलंय. निष्काळजीपणा फार गंभीर असावा लागतो आणि त्याला खोटेपणाची किंवा लबाडीची जोड असावी लागते.

मग गैरवर्तन कशाला म्हणायचं? बार कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे देशभरच्या वकिलांवर देखरेख ठेवणारी संस्था, तिच्या नियमांत यादी मोठी आहे. आपल्याकडे नेहमी घडणारे प्रकार सांगतो. पक्षकाराचे पैसे स्वतःकडे ठेवून हिशेब न देणं. आधी एकाला सल्ला देऊन नंतर त्याच भांडणात समोरच्याकडून उभं राहणं. समोरच्या पार्टीशी असलेलं नातं किंवा व्यवहार लपवणं. पुरेसं कारण आणि आगाऊ सूचना न देता केस मध्येच सोडणं, आणि सोडली तर न केलेल्या कामाची फी परत न करणं. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेली गोष्ट बाहेर फोडणं.

आणखी एक, जो लोकांना गैर वाटतच नाही. भूसंपादनाच्या केसमध्ये “आत्ता काही देऊ नका, नुकसानभरपाई आली की दहा टक्के द्या” असं ठरतं. शेतकऱ्याला ते सोयीचंही वाटतं. पण निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेणं वकिलाला नियमाने बंद आहे. असा करार तुमच्याशी झाला असेल तर तो कागद जपून ठेवा.

तक्रार समोरच्या पार्टीच्या वकिलाबद्दल असेल तर मात्र थांबा. त्याने उलटतपासणीत तुम्हाला रडवलं असेल, तरी तो त्याच्या पक्षकाराचं काम करत होता. अशा तक्रारी बहुतेक वेळा दारातूनच परत येतात.

२. तक्रारीच्या आधी दावा वाचवा

ही पायरी चुकली तर बाकीच्याला फारसा अर्थ राहत नाही. बार कौन्सिल वकिलाला शिक्षा करू शकतं, तुमचा निकाली निघालेला दावा उठवून देऊ शकत नाही. ते काम त्याच कोर्टातून किंवा वरच्या कोर्टातून करून घ्यावं लागतं, आणि तिथं दिवस मोजले जातात:

- वादी गैरहजर म्हणून दावा काढून टाकला असेल, तर तो परत बोर्डावर घेण्याचा अर्ज: ३० दिवस.
- तुम्ही प्रतिवादी आहात आणि तुमच्या गैरहजेरीत निकाल (एकतर्फी हुकूमनामा) झाला असेल, तर तो रद्द करण्याचा अर्ज: ३० दिवस. समन्स नीट बजावलंच गेलं नसेल, तर हुकूमनामा कळल्यापासून.
- रीतसर निकाल विरोधात गेला असेल, तर जिल्हा न्यायालयात अपील ३० दिवसांत, उच्च न्यायालयात ९० दिवसांत. बेळगाव जिल्ह्याचं उच्च न्यायालयातलं काम धारवाड खंडपीठात चालतं.

अपिलासाठी निकालाची सर्टिफाइड कॉपी (कोर्टाच्या शिक्क्याची नक्कल) काढायला जे दिवस लागतात ते या मुदतीतून वजा होतात. म्हणून कोर्टातल्या कॉपिंग सेक्शनात, म्हणजे नकला देणाऱ्या विभागात, अर्ज लगेच टाका.

मुदत उलटून गेली असेल (आमची उलटली होती) तर विलंबमाफीचा अर्ज सोबत जोडावा लागतो. वकिलाच्या कसुरीची शिक्षा निरपराध पक्षकाराला होऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली रफीक विरुद्ध मुन्शीलाल या प्रकरणात म्हटलंय. पण “वकिलाने फसवलं” एवढं एक वाक्य लिहून भागत नाही. आम्ही काय लावलं? तारीख पडल्याचे वकीलसाहेबांचे व्हॉट्सॲप मेसेज, प्रत्येक तारखेला पाठवलेल्या पैशांच्या फोनपेच्या नोंदी, आणि त्याच तारखांना कोर्टाच्या नोंदीत प्रत्यक्षात काय झालं त्याचा तक्ता. न्यायाधीशांनी तक्ता बघितला, आप्पांना दोन प्रश्न विचारले आणि दोन हजार रुपये कॉस्ट (खर्चापोटी भरायची रक्कम) लावून दावा परत बोर्डावर घेतला.

आप्पांनी त्यातले दहा-बारा हप्ते रोख दिले होते. त्यातला एकही आम्हाला दाखवता आला नाही.

३. फाईल परत घ्या, नवा वकील द्या

इथं बहुतेक लोक महिनोन्महिने अडकतात. जुना वकील म्हणतो, “उरलेली फी द्या, मग फाईल देतो, मग एनओसी (ना-हरकत पत्र) देतो.” नवा वकील म्हणतो, “एनओसीशिवाय मी वकालतनामा (वकीलपत्र) टाकणार नाही.” आपण मध्ये.

फीसाठी वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना यांच्या प्रकरणात हे स्पष्ट सांगितलंय. फी खरोखर बाकी असेल तर ती वसूल करायचा मार्ग त्याला वेगळा आहे. आणि एनओसी हा वकिलांचा आपसातला रिवाज आहे. तो पाळावा, मागून बघावी. नाहीच दिली, तर जुनं वकीलपत्र रद्द करण्याचा लेखी अर्ज तुमच्या सहीने कोर्टात द्या. कोर्टाच्या परवानगीने ते रद्द होतं.

क्रम असा ठेवा: आधी कागद परत मागणारं पत्र स्पीड पोस्टने, पोचपावतीसह. पंधरा दिवस वाट बघा. मग कोर्टात अर्ज. मूळ उतारे, खरेदीपत्र असलं काही अडकलं असेल तर पत्रात एकेक कागदाचं नाव लिहा. “माझी फाईल” एवढंच लिहाल तर लाल फीत बांधलेला रिकामा गठ्ठाही हातात पडू शकतो.

नवा वकील परवडत नसेल तर जिल्हा कायदेसेवा प्राधिकरणात जा. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग आणि कोठडीतली माणसं यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाची अट आहे. फोनवर विचारायचं तर १५१००.

४. लागणारे कागद

- वकालतनाम्याची प्रत (त्यावर वकिलाचा नोंदणी क्रमांक असतो, पुढे तो लागतो)
- केस नंबर आणि सीएनआर नंबर. हा सोळा अक्षर-अंकांचा असतो, तो ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाकला की सगळ्या तारखा दिसतात
- ऑर्डर शीटची (प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्याच्या नोंदीची) सर्टिफाइड कॉपी. मोबाईलचा स्क्रीनशॉट दाखवायला बरा, पुरावा म्हणून ही कॉपीच हवी
- पैसे दिल्याच्या नोंदी: बँक पासबुक, यूपीआय, चेक, असतील तर पावत्या
- मेसेज आणि पत्रव्यवहार, तारखेच्या क्रमाने छापून
- स्पीड पोस्टच्या पावत्या आणि पोचपावत्या
- तुमचं ओळखपत्र

मेसेज छापले म्हणून मोबाईलमधून पुसू नका, आणि जुना फोनही विकू नका.

५. तक्रार कुठल्या बार कौन्सिलकडे?

सीमाभागाचा खास घोळ इथं आहे. आपल्याकडचे बरेच जण गडहिंग्लज, कोल्हापूर, सावंतवाडीचे वकील देतात. कुणाची जमीन दोन्हीकडे असते, कुणाला मराठीत बोलता येणारा वकील हवा असतो. तक्रार केस कुठल्या कोर्टात आहे त्यावरून जात नाही, वकिलाचं नाव कुठल्या राज्याच्या यादीत आहे त्यावरून जाते. वकालतनाम्यावरच्या नोंदणी क्रमांकाची सुरुवात बघा. ‘केएआर’ असेल तर कर्नाटक राज्य बार कौन्सिल, बेंगळुरू. ‘एमएएच’ असेल तर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिल, मुंबई. बेळगावातल्या बार असोसिएशनकडे दिलेलं पत्र म्हणजे तक्रार नव्हे. असोसिएशन मध्यस्थी करू शकते, सनद (वकिलीचा परवाना) काढून घेऊ शकत नाही.

जिल्हा न्यायाधीशांकडे, जिल्हाधिकाऱ्यांकडे, आमदारांकडे प्रती पाठवून वेळ घालवू नका. मी तिघांनाही पाठवल्या होत्या.

६. भाषा

मी पहिला मसुदा मराठीत लिहिला, आठ पानी. धारवाडला वकिली शिकत असलेल्या माझ्या आतेबहिणीने तो वाचला आणि म्हणाली, “दादा, यात तुझा राग सगळा आलाय. तारखा कुठं आहेत?” मग दुसरी गोष्ट सांगितली: हा मसुदा मराठीत जाणारच नाही.

नियम असा आहे: तक्रार इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या राज्याची राजभाषा म्हणून जाहीर झालेल्या भाषेत करता येते. कर्नाटकात ती कन्नड. म्हणजे मुंबईला तक्रार मराठीत चालते, बेंगळुरूला नाही. माझ्यासारख्या माणसाला हे वाचून चीड येते. राज्यघटनेचं ३५० वं कलम सरकारी अधिकाऱ्याकडे आपल्या भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क देतं, हे आपल्या भागात शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण या एका कामात तो वाद घालू नका. सीमेचा दावा सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून पडून आहे, तुमच्या तक्रारीने त्याची सोबत करायचं काही कारण नाही. मराठीत लिहा, जाणत्याकडून इंग्रजी किंवा कन्नड करून घ्या, आणि सही करण्याआधी ते मराठीत समजावून घ्या. मराठीतले मेसेज पुरावा म्हणून जोडताना खाली भाषांतर द्या.

साक्षीच्या वेळीही हे लक्षात ठेवा. तुम्ही मराठीत साक्ष दिली आणि ती कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत उतरवली गेली, तर उतरवलेलं तुम्हाला मराठीत सांगितलं गेलं पाहिजे. दिवाणी प्रक्रिया संहितेतच ती तरतूद आहे. लाजू नका, हात जोडून पण मोठ्याने मागा. आमच्या एका शेजाऱ्यांच्या साक्षीत ‘वहिवाट’ या शब्दाचं ‘रस्ता’ होऊन बसलं होतं, आणि त्यांचा सगळा दावा कब्जा-वहिवाटीवर उभा होता.

आणि कोऱ्या कागदावर सही? “साहेब टाईप करून घेतील, तुम्ही फक्त खाली सही करा.” करू नका. दुसऱ्या दिवशी परत यावं लागलं तरी चालेल.

७. अर्ज कसा लिहायचा

आठ पानांची माझी कहाणी शेवटी दोन पानांत बसली. वर तुमचं आणि वकिलाचं नाव, पत्ता, त्यांचा नोंदणी क्रमांक. मग परिच्छेदांना क्रमांक घालून तारीखवार हकीकत. एका परिच्छेदात एकच गोष्ट, आणि तिच्यासमोर कुठल्या क्रमांकाचा कागद जोडलाय ते. शेवटी मागणी: वकील कायदा, १९६१ च्या कलम ३५ खाली कारवाई व्हावी. खाली सही, आणि दिवाणी दाव्याला असतं तसं सत्यापन: कुठले परिच्छेद स्वतःच्या माहितीचे, कुठले दुसऱ्याकडून कळलेले.

‘चोर’, ‘दरोडेखोर’, ‘विकला गेला’ असले शब्द काढून टाका. “समोरच्याकडून पैसे खाल्ले” हे दाखवता येत नसेल तर लिहू नका. एक न टिकणारा आरोप बाकीच्या खऱ्या नऊ आरोपांनाही खाली ओढतो.

तक्रारीसोबत ठरलेली फी भरावी लागते आणि जादा प्रती द्याव्या लागतात. फी किती आणि प्रती किती, ते पाठवण्याआधी कौन्सिलच्या कार्यालयात फोन करून विचारा.

८. त्यानंतर

कौन्सिल आधी बघतं की प्रकरणात तथ्य दिसतंय का. दिसलं, तर ते तीन जणांच्या शिस्तपालन समितीकडे जातं. वकिलाला नोटीस निघते, त्याचं उत्तर येतं, मग साक्षीपुरावे. हे छोटं कोर्टच असतं. समिती साक्षीदार बोलावू शकते, कागद मागवू शकते, आणि तुमची उलटतपासणी होते. तुम्ही स्वतः उभे राहू शकता. आपल्याकडून बेंगळुरूला जायला रात्रीची राणी चन्नम्मा एक्सप्रेस बरी पडते. येणं-जाणं आणि दोन दिवसांची मजुरी किंवा रजा हिशेबात धरा. तारखेला गेला नाहीत तर समिती तुमच्या माघारी पुढे जाऊ शकते.

मधल्या काळात निरोप येतात. आमच्याकडे गावचेच एक पुढारी आले, चहा घेतला आणि आप्पांना म्हणाले, “पाटील, दोघांचंही नाव खराब होतंय, मिटवून टाका.” पैसे परत मिळत असतील तर घ्या, पण लेखी घ्या. तुम्ही तक्रार मागे घेतली म्हणून चौकशी आपोआप बंद होत नाही, हे त्यांनाही सांगा.

समिती तक्रार फेटाळू शकते, ताकीद देऊ शकते, काही काळ सनद निलंबित करू शकते किंवा नाव यादीतून कायमचं काढू शकते. कायद्याने एक वर्षात निकाल लागायला हवा. नाही लागला तर प्रकरण दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. निकाल पटला नाही तर तिथंच अपील, ६० दिवसांत. त्याच्याही वर सर्वोच्च न्यायालय, तेही ६० दिवसांत.

पैशांचं काय? ग्राहक मंचात जाऊ नका. वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी दिलाय. जुने सल्ले अजून फिरतात, म्हणून सांगितलं. फी किंवा अडकलेली रक्कम हवी असेल तर दिवाणी दावा, साधारण तीन वर्षांच्या आत. तुमच्या नुकसानभरपाईचा चेक वटवून रक्कम दाबून ठेवली असेल, तर तो विश्वासघाताचा गुन्हाही होतो आणि पोलिसात जाता येतं.

९. गाऱ्हाणं न्यायाधीशांबद्दल असेल तर

निकाल चुकीचा वाटला तर अपील, तक्रार नाही. न्यायाधीश ओरडले, तारीख दिली नाही, तुमचा साक्षीदार त्यांना पटला नाही, यातही तक्रारीला जागा फार थोडी. पण पैशाची मागणी, पक्षकाराशी खासगी भेटीगाठी, जवळच्या नातेवाइकाचं प्रकरण स्वतः चालवणं, हे वेगळं.

तालुका आणि जिल्हा न्यायालयांतल्या न्यायाधीशांवर ताबा उच्च न्यायालयाचा असतो, सरकारचा नाही. तक्रार बेंगळुरूला, कर्नाटक उच्च न्यायालयाच्या व्हिजिलन्स (दक्षता) रजिस्ट्रारकडे जाते. साध्या कागदावरचा अर्ज मात्र बघितला जात नाही. २०१४ साली सरन्यायाधीशांच्या कार्यालयातून सूचना निघाली, तेव्हापासून शपथपत्र आणि पडताळून बघता येईल असा पुरावा सोबत लागतो. निनावी पत्रं टाकणाऱ्यांनी पोस्टाचे पैसे वाचवावेत.

“न्यायाधीशांविरुद्ध लिहिलं तर कोर्टाचा अवमान होईल ना?” हा प्रश्न मला दहा जणांनी विचारलाय. खालच्या न्यायाधीशाबद्दल उच्च न्यायालयाकडे प्रामाणिकपणे केलेली तक्रार अवमान ठरत नाही, १९७१ च्या कायद्याचं कलम ६ तेच सांगतं. हे संरक्षण फेसबुकला नाही, आणि तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपला तर नाहीच नाही.

तेवढ्यात तुमची केस त्याच न्यायाधीशांपुढे असेल आणि भीती वाटत असेल, तर दिवाणी दावा दुसऱ्या कोर्टात नेण्याचा अर्ज जिल्हा न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात करता येतो. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांबद्दलची तक्रार तिथल्या मुख्य न्यायाधीशांकडे किंवा देशाच्या सरन्यायाधीशांकडे जाते. तिची चौकशी १९९९ साली ठरवलेल्या अंतर्गत पद्धतीने होते आणि पदावरून काढायचा अधिकार फक्त संसदेच्या ठरावाने राष्ट्रपतींना आहे.

१०. “साहेबांना द्यावे लागतात”

हे वाक्य कोर्ट आवारात चहाच्या टपरीवर ऐकू येतं, बहुतेक वेळा अशा माणसाकडून ज्याला साहेब ओळखतही नाहीत. कधी दलाल, कधी कारकून, कधी स्वतःचा वकील. पैसे मधल्या मध्ये जिरतात आणि काम झालं नाही की “समोरच्याने जास्त दिले” असं ऐकायला मिळतं. न्यायाधीशांच्या नावावर पैसे मागणारा वकील असेल, तर वरची सगळी वाट त्यालाही लागू आहे. कोर्टाच्या कर्मचाऱ्याने मागितले तर प्रधान जिल्हा न्यायाधीशांकडे लेखी द्या, किंवा लोकायुक्त पोलिसांकडे जा. देण्याआधी गेलात तर ते सापळा लावू शकतात.

२०१८ च्या दुरुस्तीपासून लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल, तर दिल्यापासून सात दिवसांत पोलीस यंत्रणेला कळवलं तरच सुटका. म्हणून कुणी मागितले की त्याच संध्याकाळी वहीत तारीख, वेळ, जागा आणि त्याचे नेमके शब्द लिहून ठेवा. कुठल्या टपरीवर बसला होतात तेही.